वहाण कोणाची, नांव कोणाचें?

सन २०२५ च्या जून महिन्याच्या अखेरीस आमच्या ओसरीवर एक लहानसें वादळ उठलें. माझी नात पुण्यास महाविद्यालयांत शिकते. ती चार दिवसांसाठीं घरीं आली होती. शेजारचे वकीलसाहेब नेहमींप्रमाणें सायंकाळच्या चहास येऊन बसले होते. नातीनें आपल्या मोबाइलवर एक चित्र आम्हां दोघांस दाखविलें. इटलींतील मिलान शहरीं उंची पोषाख केलेले तरुण एकामागून एक चालत आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या पायांत चक्क आपल्या कोल्हापुरी वहाणा! तोच अंगठा, तोच पट्टा, तीच वेणी. "आजोबा, ही उघड उघड चोरी नव्हे काय?" असें तिनें विचारलें. मी कांहीं बोलण्यापूर्वींच वकीलसाहेब हसून म्हणाले, "अग, चोरी म्हणावयाची तर कायद्याला आधीं मालक दाखवावा लागतो. ह्या वहाणेचा मालक कोण, तें सांग पाहूं."

नात निरुत्तर झाली, आणि खरें सांगावयाचें तर मीही झालों. जन्मभर मुलांना संस्कृत व मराठी शिकविलें. कायद्याचा व्यासंग असा कधीं केला नाहीं. परंतु तो प्रश्न मनांत राहिला. त्यानंतर वाचून व विचारून जें हातीं लागलें, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

हकीकत अशी. प्राडा ही इटलींतील एक विख्यात पेढी. १९१३ सालीं मिलान येथेंच चामड्याच्या वस्तूंचें दुकान म्हणून ती निघाली, आणि आज तिचा पोषाख अंगावर असणें ही जगांतील धनिकांना मोठी प्रतिष्ठा वाटते. २२ जून २०२५ रोजीं ह्या पेढीनें पुरुषांच्या नव्या पोषाखांचें प्रदर्शन केलें. त्यांत ह्या वहाणा होत्या; परंतु त्यांचें वर्णन 'चामड्याच्या सँडल' एवढेंच केलेलें होतें. कोल्हापूरचें नांव नाहीं, महाराष्ट्राचें नाहीं, फार काय, भारताचेंही नाहीं. मग गहजब झाला. वृत्तपत्रांतून लाखाच्या वर किमतीचे आंकडे झळकले. महाराष्ट्रांतील व्यापाऱ्यांच्या व उद्योजकांच्या चेंबरनें पेढीस पत्र लिहिलें, आणि महिना संपण्याच्या आंत पेढीचे लोरेन्झो बेर्तेली ह्यांचें उत्तर आलें. ह्या वहाणा भारतांतील परंपरागत हस्तकलेवरून सुचलेल्या आहेत, असें त्यांत मान्य केलेलें होतें. जुलै महिन्यांत पेढीचीं माणसें स्वतः कोल्हापुरास येऊन कारागिरांस भेटून गेलीं.

पोषाखाच्या ह्या जागतिक धंद्याचीं पापें याहून पुष्कळ भारी आहेत, हें मी जाणतों. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत ढाक्याजवळ सावर येथें राणा प्लाझा नांवाची इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसें तिच्याखालीं मेलीं. त्यांतील बहुतेक गोऱ्या देशांतील दुकानांसाठीं कपडे शिवणारे मजूर होते, आणि त्यांत बायकांचा भरणा अधिक. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशींच दिसले होते. तरी त्यांना कामावर बोलाविण्यांत आलें. त्यापुढें एका वहाणेचें रडगाणें तें काय, असें कोणी म्हणेल. परंतु मला दोन्हींच्या मुळाशीं एकच गोष्ट दिसते : अंगावरची वस्तु सर्वांस दिसते, आणि ती ज्यानें केली तो कोणासच दिसत नाहीं. राणा प्लाझाविषयीं पुढें केव्हां तरी स्वतंत्र लिहीन. आज वहाणेपुरतें बोलूं.

ही वहाण म्हणजे काय प्रकार आहे, तें पायांत घालणाऱ्या आपल्यासारख्यांसही पुरतें ठाऊक नसतें. कातडें कमावण्यास बाभळीची साल आणि हिरडा. त्यांत तें दिवसच्या दिवस मुरत ठेवावयाचें. कमावलेलें कातडें आरी आणि रांपी ह्या हत्यारांनीं कापावयाचें, टोचावयाचें. तळाचे थर एकमेकांस जोडावयाचे तेही चामड्याच्याच वादीनें. अस्सल जोडांत खिळा सांपडावयाचा नाहीं. वरची बारीक वेणी बहुधा घरांतील स्त्रिया गुंफतात. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी अशीं ह्या वहाणांचीं निरनिराळीं नांवें असत. कोल्हापूर दरबारनें, विशेषतः शाहू छत्रपतींनीं, ह्या धंद्यास उत्तेजन दिलें. तथापि हा धंदा एकट्या कोल्हापूरचा नव्हे. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे आपल्याकडील चार जिल्हे, आणि बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे कर्नाटकांतील चार, अशा आठ जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. अथणी-निपाणीकडील कित्येक कारागीर कानडी बोलतात, आणि त्यांचा माल कोल्हापूरच्या पेठेंत कोल्हापुरी म्हणून विकला जातो. तो कोल्हापुरीच असतो.

आतां कायद्याकडे वळूं. आपल्या देशांत १९९९ सालीं भौगोलिक उपदर्शनांचा कायदा झाला व तो २००३ पासून अंमलांत आला. एखाद्या वस्तूचा गुण किंवा लौकिक जर विशिष्ट प्रदेशाशीं निगडित असेल, तर त्या प्रदेशाचें नांव त्या वस्तूसाठीं राखून ठेवावयाचें, असा त्याचा भावार्थ. दार्जिलिंगचा चहा हें त्यांतील पहिलें नोंदलेलें नांव. आपल्या पैठणीसही हें संरक्षण आहे, आणि कोल्हापुरी चपलेस तें २०१९ च्या सुमारास मिळालें. मग मिलानकरांस ह्या कायद्यानें कां धरतां येऊं नये?

येथें मला वेदान्तांतील जुन्या जोडीची आठवण झाली. प्रत्येक वस्तु नाम आणि रूप ह्या दोहोंनीं ओळखली जाते. हा कायदा राखतो तें नाम. परक्या मालास कोल्हापुरी म्हणून विकणें, अथवा त्याच्या मांडणीवरून गिऱ्हाइकास तसा भास करून देणें, हा अपराध. मिलानकरांनीं घेतलें तें केवळ रूप. नाम तर त्यांनीं मुद्दाम म्हणा, अज्ञानानें म्हणा, टाकूनच दिलें होतें. जी गोष्ट आपल्या मनास सर्वांत अधिक लागली, कीं आमचें नांवसुद्धां घेतलें नाहीं, तीच कायद्याच्या दरबारीं त्यांची ढाल ठरते! त्यांनीं कोल्हापूरचें नांव घेऊन त्या वहाणा विकल्या असत्या, तर त्यांच्यावर खटला भरणें सोपें झालें असतें.

रूपाचें रक्षण करणारे कायदे निराळे आहेत, परंतु ते नव्या रूपाचे. आकृतींच्या नोंदणीचा २००० सालचा कायदा नवीन घडविलेल्या आकृतीसच मान देतो, आणि तोही फार तर पंधरा वर्षें. जी आकृति पिढ्यान् पिढ्या सर्वांच्या पायांत आहे ती नवी कोण म्हणेल? ग्रंथस्वामित्वाचा कायदा पाहावा, तर तेथें कर्ता दाखवावा लागतो. शिवाय नोंदण्याजोगी आकृति न नोंदतां औद्योगिक पद्धतीनें तिच्या पन्नासांहून अधिक प्रती काढल्या, कीं तें स्वामित्वही सुटतें. म्हणजे एखाद्यानें काल रात्रीं कागदावर रेखाटलेल्या वहाणेस संरक्षण आहे. शेंकडों हातांनीं घासून घासून जी सिद्ध झाली तिला नाहीं. जुनेपणा हाच तिचा दोष. आणि हे सारे कायदे आपल्या सीमेपर्यंतचे. मिलानमध्यें चालावयाचे ते तिकडचे. युरोपीय संघानें हस्तव्यवसायाच्या वस्तूंच्या नांवांस संरक्षण देणारा नियम २०२३ सालीं केला खरा, पण तो लागू झाला १ डिसेंबर २०२५ पासून, आणि त्याचाही रोंख नांवावरच आहे.

तरी कांहीं विधिज्ञांनीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत लोकहितासाठीं अर्ज केला. पेढीनें जाहीर क्षमा मागावी, कारागिरांस भरपाई मिळावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १६ जुलै २०२५ रोजीं न्यायालयानें तो फेटाळला. ज्यांच्या नांवें नोंद आहे ते स्वतः दावा आणण्यास समर्थ आहेत, त्यांच्या वतीनें तुम्हीं येण्याचें कारण काय, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ. निर्णय कायद्यास धरून आहे, त्याबद्दल माझें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु नोंद कोणाच्या नांवें आहे? महाराष्ट्राचें संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, आणि कर्नाटकाचें त्याच प्रकारचें दुसरें मंडळ. दोनही सरकारी. प्रत्यक्ष आरी धरणाऱ्यास त्या नांवावर हक्क सांगावयाचा, तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून त्यानें आपली वेगळी नोंद करावी लागते. त्यासाठीं अर्ज, कागदपत्रें, फी. वकीलसाहेबांनीं मालक विचारला होता, त्याचें उत्तर हें असें आहे.

मेक्सिको देशानें ह्या बाबतींत अधिक धिटाई दाखविली. तेथील आदिवासी जमातींच्या कशिद्याच्या तऱ्हा युरोप-अमेरिकेंतील पेढ्या सर्रास उचलीत. २०१९ च्या जून महिन्यांत तेथील संस्कृतिमंत्र्यांनीं कॅरोलिना हेरेरा ह्या पेढीस पत्र लिहून जाब विचारला, आणि २०२२ च्या जानेवारींत त्या देशानें कायदाच केला, कीं अशा वारशाचा मालक ती जमात, आणि तिच्या संमतीवांचून त्याचा व्यापारी उपयोग करूं नये. तो कायदा परदेशांतील पेढ्यांवर कितपत चालेल, ही शंका रास्त आहे. परंतु मालक कोणी नाहीं असें न म्हणतां जमातीस मालक म्हणणें, एवढें तरी त्यांनीं केलें.

आपल्याकडे प्रकरण निराळ्या वाटेनें गेलें. डिसेंबर २०२५ मध्यें प्राडा पेढी आणि वर सांगितलेलीं दोन मंडळें ह्यांचा मुंबईंत करार झाला. महाराष्ट्र व कर्नाटकांतील कारागिरांकडून सुमारें २००० जोड करून घ्यावयाचे, ते २०२६ च्या फेब्रुवारीपासून जगांतील चाळीस दुकानांत विकावयाचे, आणि कारागिरांच्या शिक्षणाचीही कांहीं व्यवस्था करावयाची, असें जाहीर झालें. एका जोडाची किंमत सुमारें ८०० युरो सांगण्यांत आली. त्यांतील किती पैसा वेणी गुंफणाऱ्या बाईच्या हातांत पडावयाचा, हें मात्र मीं वाचलेल्या कोणत्याच बातमींत नव्हतें.

कायदा येथें संपतो. धर्मशास्त्र कांहीं निराळें विचारतें. 'अदत्तादान' असा एक शब्द आपल्या प्राचीन वाङ्मयांत, विशेषेंकरून जैन व बौद्ध ग्रंथांत, वारंवार येतो. न दिलेलें घेणें, तें अदत्तादान. त्यांत मालक कोण हा प्रश्न पहिला नाहीं. तुला हें कोणी दिलें काय, हा पहिला. मी नातीस हा शब्द सांगितला तेव्हां ती आनंदली. "म्हणजे चोरीच कीं, आजोबा!" मिलानकरांपुरतें तिचें म्हणणें बरोबर होतें. परंतु शब्द सांगून चुकलों मात्र, आणि माझ्याच मनांत एक जुनी गोष्ट हलली.

आमचें मूळ गांव कृष्णाकांठचें. मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९६७ चा सुमार. दरवर्षीं पावसाळा सरला, कीं गांवांतील वहाणा करणारे गृहस्थ आमच्या घरीं मापें घेण्यास येत. ते वडिलांहून वयानें मोठे होते. ओसरीवर न चढतां ते अंगणांत, खालच्या पायरीशीं बसत. माझा पाय हातांत घेऊन कातड्याच्या तुकड्यावर ठेवीत आणि कोळशानें त्याच्या भोंवतीं रेघ ओढीत. त्यांचा हात खरखरीत होता, आणि मला गुदगुल्या होत, म्हणून ते मुद्दाम हळू रेघ ओढीत. एवढें मला स्पष्ट आठवतें. ते गेले कीं आजी आंतून सांगे, "पाय धुऊन मग आंत ये." मी पाय धुई. ते कां धुवावयाचे हें मीं कधीं विचारलें नाहीं. राज्यघटनेनें अस्पृश्यता नाहींशी केली त्यास तेव्हां सतरा वर्षें होऊन गेलीं होतीं.

माझे वडील वाईट गृहस्थ नव्हते. ते घासाघीस करीत नसत, आणि पैसे कधीं तटवीत नसत. परंतु पैसे ते हातांत देत नसत, पायरीवर ठेवीत. करकर वाजणाऱ्या त्या नव्या वहाणा घालून मी दिवसभर गांवांत मिरवीं, आणि कोणी विचारलें, "कुणी केल्या रे?" तर त्या गृहस्थांच्या जातीचें नांव घेऊन सांगे, कीं त्यानें. आम्हीं सारीं मुलें त्यांना त्याच नांवानें, आणि एकेरींत, हाक मारीत असूं. आज हें लिहितांना त्यांचें नांव आठवून पाहिलें. आठवलें नाहीं. खरें म्हणजे तें मला कधीं ठाऊकच नव्हतें.

पुढें मी शिक्षक झालों. श्रमप्रतिष्ठेवर मुलांकडून किती निबंध लिहवून घेतले त्याची गणती नाहीं. भरतानें रामाच्या पादुका सिंहासनावर ठेविल्या तो प्रसंग शिकवितांना वर्गांतील मुलांच्या डोळ्यांस पाणी यावें असें मी शिकवीत असें. पादुका करणारा कोण, हा प्रश्न मला सुचला नाहीं, आणि कोणा विद्यार्थ्यानेंही विचारला नाहीं.

तेव्हां मिलानकरांनीं नांव घेतलें नाहीं म्हणून जो संताप आमच्या आळींत त्या दिवसांत चालला होता, त्यांत मला मनापासून सामील होतां येईना. 'आमची कोल्हापुरी' असें जो तो म्हणत होता. आमची ती केव्हांपासून? आमच्या घरांतून नव्या पिढींतील पुष्कळांनीं ती टाकून रबराचे बूट घेतले आहेत, आणि लग्नामुंजीपुरती जी घेतात ती बहुधा रेक्झिनची, फोमच्या तळाची, कोठल्या तरी कारखान्यांत ठोकलेली. दुकानदार तिला बेधडक कोल्हापुरी म्हणतो. हा नामाचा अपहार! ज्याला कायदा स्पष्टपणें अपराध म्हणतो, तो मिलानमध्यें नव्हे, आपल्या बाजारांत रोज होतो, आणि स्वस्त पडतें म्हणून आपणच गिऱ्हाइक होतों. पैठणीची तीच कथा. येवल्याच्या हातमागावर महिनोन् महिने विणलेली पैठणी महाग, म्हणून यंत्रमागाची घ्यावयाची. त्यांत गैर कांहीं नाहीं, ज्याची त्याची ऐपत. परंतु हळदीकुंकवाच्या वेळीं ती येवल्याची म्हणून सांगावयाची, हें आमच्या भगिनीवर्गानें मनाशीं तपासून पाहावें. माझ्या घरींही हें झालेलें आहे.

थंडीच्या दिवसांत नातीस घेऊन कोल्हापुरास गेलों. अंबाबाईचें दर्शन झाल्यावर तिनेंच आग्रह धरला, म्हणून पेठेंत न थांबतां सुभाषनगरांत, जेथें कारागिरांचीं घरें आहेत, तेथें गेलों. एका घराच्या पुढल्या खोलींत पन्नाशीचे एक गृहस्थ तळ कापीत बसले होते. आंतल्या बाजूस त्यांच्या पत्नी वेणी गुंफीत होत्या. मी निवृत्त शिक्षक आहें हें कळतांच त्यांनीं सतरंजी झटकून बसावयास दिली. नातीनें इटलीचा विषय काढला. तिला वाटलें, ते चिडतील. ते हसले.

"त्यानं बघून तरी केलं, ताई," ते म्हणाले. "त्यामुळं चार मानसं इचारत आली. हितं तर प्लास्टिकचं ठोकून आमच्या नावानं इकत्यात. त्येंचं काय करायचं, सांगा की गुरुजी."

मी काय सांगणार? नोंदणीची गोष्ट विचारली. त्यांनीं ती ऐकली होती, एकदां कागदही भरून दिले होते. पुढें काय झालें तें त्यांस कळलें नव्हतें. त्यांचा मुलगा कागलकडे कारखान्यांत नोकरीस आहे आणि ह्या कामांत येणार नाहीं, असें त्यांच्या पत्नींनीं आंतून सांगितलें. एक जोड पुरा होण्यास किती दिवस लागतात, आणि व्यापारी त्याचे काय देतो, हेंही त्यांनीं सांगितलें. तो आंकडा ऐकून नातीनें माझ्याकडे पाहिलें. आम्हीं त्यांना त्यांची किंमत विचारली आणि कमी करावयास सांगितलें नाहीं. ह्यांत आमचें औदार्य कांहीं नव्हतें. पेठेंतल्या दुकानापेक्षां ती कमीच होती.

मापाची वेळ आली तेव्हां त्यांनीं जाड कागद खालीं पसरला, माझा पाय हातांत घेऊन त्यावर ठेविला आणि पेन्सिलीनें रेघ ओढूं लागले. हात तसाच खरखरीत. ह्या वयांतही मला गुदगुल्या झाल्या. मी पाय मागें घेतला तेव्हां ते म्हणाले, "थांबा गुरुजी, रेघ चुकंल."

पंधरा दिवसांनीं जोड तयार होईल असें सांगून त्यांनीं वही काढली आणि माझें नांव विचारून तींत लिहून घेतलें. एवढा वेळ बसून त्यांचें नांव मीं विचारलेंच नव्हतें. तें मीं विचारलें. त्यांच्या पत्नींचेंही विचारलें. दोन्ही नांवें मजपाशीं लिहिलेलीं आहेत, परंतु छापण्याविषयीं त्यांची संमति घ्यावयाची राहिली, म्हणून येथें देत नाहीं. जोड आणावयास जाईन तेव्हां विचारीन.